मांजरांना नावं ठेवताना

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांच्यात एका टिंबाचा फरक आहे. पहिलं बारशाला करायचं, दुसरं बारशाहून परत येताना रिक्षात. गेले दोन महिने मी ही दोन्ही कामं एकदमच करतोय, आणि तीही मांजरांसाठी.

त्याचं असं आहे मंडळी, की आमची पुण्याची भाची (वय वर्षं बारा) गोष्ट लिहितेय. 'वॉरियर्स' नावाच्या इंग्रजी पुस्तकांचं तिला वेड. ज्यांच्या घरात या वयाचं मूल नाही त्यांच्यासाठी सांगतो: रानात कुळं करून राहणाऱ्या मांजरांची ही मालिका, पहिलं पुस्तक २००३ साली आलं. लेखिका म्हणून एरिन हंटर असं नाव छापलेलं असतं, पण अशी बाई अस्तित्वातच नाही, काही जणींनी मिळून घेतलेलं ते टोपणनाव आहे. (म्हणजे नावांचा घोळ मुखपृष्ठापासूनच!) गोष्टीत मेघगर्जनेचं, नदीचं, वाऱ्याचं आणि सावलीचं अशी चार कुळं. नावांचा नियम मात्र झकास आहे. पिल्लू असताना नावाच्या शेवटी 'किट', शिकाऊ झालं की 'पॉ', मोठं झालं की स्वभाव आणि कर्तबगारी बघून नवीन शेपूट, आणि कुळाचा प्रमुख झालं तर 'स्टार'. नावाचं डोकं जन्मभर तेच, शेपूट बदलत जातं.

भाचीला ही कुळं मेळघाटात वसवायची आहेत, कारण तिची आई आणि मी धारणीला वाढलो. "मामा, तुला तिकडचं सगळं माहितीये ना, मग नावं तू दे," असा हुकूम झाला. सोबत तिनंच केलेली पहिली यादी: विद्युत्पंजा, राखतारा, धूम्रपुच्छ. आता धूम्रपुच्छ हे मला मांजराचं नाव न वाटता काढ्याच्या बाटलीवरचं वाटलं, आणि मी तसं बोलून गेलो. दोन दिवस अबोला! मग म्हटलं, नुसती नावं ठेवण्यापेक्षा आपल्या भागात रानातल्या मांजरांना खरोखर कुणी, कधी, कशी नावं दिली ते तरी बघावं. बघता बघता हे एवढं लांबलं.

सुरुवात अर्थातच शेरखानपासून. किपलिंगचं 'जंगल बुक' १८९४ चं. त्याचं रान म्हणजे सिवनीचं, म्हणजे आमच्याच सातपुड्याचं, फक्त पूर्वेकडचं टोक. त्यानं काय केलं बघा. वाघाला पठाणी सरदाराचं नाव दिलं, आणि लगेच लांडगीणीच्या तोंडून सांगून टाकलं, की याच्या आईनं याचं नाव 'लुंगरी' ठेवलं होतं, कारण जन्मापासून एक पाय अधू. लुंगरी म्हणजे आपला लंगडा. बाहेर खान, घरात लंगड्या. मला विचाराल तर सबंध शेरखान या दोन नावांमधल्या अंतरात मावतो. तो गायीगुरांवर आणि माणसांवर का जातो, इतकी आरडाओरड का करतो, सगळं तिथंच आहे. भाचीला मी हेच सांगितलं, की तुझ्या मांजराला निदान दोन नावं पाहिजेत, एक मिरवायचं आणि एक आईनं ठेवलेलं. हे तिला पटलं. अबोला संपला.

पण किपलिंगचं रान कागदावरचं. खऱ्या वाघांना साहेबाच्या काळात नाव मिळायचं ते बहुतेक माणूस मारल्यावरच, आणि ते गावाचं असायचं. कॉर्बेटच्या गोष्टी आठवा. चंपावतची वाघीण, चौगडची वाघीण, रुद्रप्रयागचा बिबट्या. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसं सांगतात, १९०७ साली तिला मारली. यात जनावराचा स्वभाव कुठेच नाही, आहे तो फक्त पत्ता. आपल्याकडे नाही का, एखाद्याला आडनावानं न ओळखता 'तो परतवाड्याचा' म्हणतात, तसं. गंमत अशी, की ज्या गावानं भोगलं त्याच गावाचं नाव त्या वाघिणीला कायमचं चिकटलं.

मग आला व्याघ्रप्रकल्प. देशात सुरुवातीला जे नऊ प्रकल्प झाले त्यांत महाराष्ट्रातला एकच, आपला मेळघाट, २२ फेब्रुवारी १९७४. त्यानंतर हळूहळू वाघाला नंबर पडायला लागले. आधी पावलांच्या ठशांवरून मोजणी असायची, काच ठेवून ठसा उतरवून घ्यायचा. पुढे झाडाला बांधलेले कॅमेरे आले आणि पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखता येऊ लागला, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. वेगळा ओळखला की त्याला काहीतरी म्हणावं लागतंच. सरकारी कागदावर तो टी-वन, टी-टू होतो. यात काही वाईट नाही, रेशनकार्डावर आपणही नंबरच असतो. पण गाडी चालवणारे, गाईड, वनमजूर यांचं नंबरावर भागत नाही. ते पुन्हा जुन्याच वाटेनं जातात: अंगावरची खूण, राहण्याची जागा, नाहीतर सिनेमा!

रणथंभोरच्या मछलीला नाव पडलं ते तोंडावरच्या माशासारख्या खुणेवरून. ती २०१६ साली गेली. पेंचची कॉलरवाली, म्हणजे बरोब्बर किपलिंगच्या सिवनीतली, गळ्यातल्या रेडिओ कॉलरवरून ओळखली जायची. आठ वेळा व्याली, २९ पिल्लं झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये गेली तेव्हा लोकांनी रीतसर चिता रचून तिला निरोप दिला. एवढी मोठी कारकीर्द, पण नाव माणसानं अडकवलेल्या पट्ट्याचं. आपल्या नागझिऱ्यात दोन भाऊ होते, जय आणि वीरू. कुठून आले ते सांगायला नको. त्यातला जय २०१३ मध्ये तिथून निघून उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, देशभर गाजला आणि एप्रिल २०१६ नंतर कुणाला दिसलाच नाही. 'शोले'तलं कुठलं पात्र शेवटी जातं हे लक्षात घेऊन नाव ठेवायला हवं होतं, असं आमचे एक काका म्हणाले होते. असो.

मला सगळ्यात आवडतो तो टिपेश्वरचा वाघ. कागदावर टी-वन-सी-वन, म्हणजे टी-वन वाघिणीचं पहिलं पिल्लू. २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी तो टिपेश्वर सोडून निघाला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणात डोकावून, मराठवाड्याच्या कडेनं बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला. नऊ महिन्यांत सुमारे तीन हजार किलोमीटर! गळ्यात कॉलर होती म्हणून हे कळलं. वऱ्हाडात नोकरीसाठी वणवण करणारी पोरं आम्ही पुष्कळ पाहिली, पण हा त्यांच्याही पुढचा. त्याला नाव मिळालं 'वॉकर'. चालून मिळवलेलं नाव. भाचीच्या पुस्तकांतला नियमही हाच, की मोठेपणी काय केलंस त्यावर नाव. आपल्याकडचं बारसं बाराव्या दिवशी असतं, तेव्हा बाळानं रडण्यापलीकडे काही केलेलं नसतं. धाडसी नाव ठेवून मुलगा झुरळाला भिणारा निघाला तर मग बोलायची सोय नाही. रानात मात्र स्वभाव आधी कळतो आणि नाव मागून येतं, म्हणूनच ती नावं इतकी चपखल बसतात.

आता ज्या नावापाशी मी बराच अडखळलो त्याबद्दल. पांढरकवड्याची वाघीण. (वॉकरची आई टी-वन, आणि हीही टी-वन. पण ही वेगळी.) यवतमाळ जिल्ह्यात तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या रानात तिला गोळी घातली. तोवर तिच्यासाठी न्यायालयात अर्ज झाले होते, मोठ्या शहरांतून मोर्चे निघाले होते, आणि या सगळ्यात तिचं नाव होतं अवनी. अवनी म्हणजे पृथ्वी. किती सुंदर नाव! मला वाटतं, त्या नावाशिवाय एवढी माणसं तिच्यासाठी रस्त्यावर आलीच नसती. टी-वनसाठी कोण रडतं? पण ज्या घरातला माणूस कापूस वेचायला गेला आणि परत आला नाही, त्या घरात तिला अवनी म्हणायचं कसं? त्यांच्या लेखी ती वाघीण होती, तेवढंच पुरे होतं. एकाच जनावराची तीन नावं, आणि कोण कुठलं नाव घेतो यावरून तो कुठं उभा आहे ते कळायचं. मी पुण्यात बसून अवनी म्हणायचो. धारणीला गेलो की जीभ आपोआप 'ती वाघीण' म्हणायची. दोन्ही वेळा खरंच बोलत होतो.

नावावरून पुढेही भांडणं झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिलिगुडीच्या प्राणी उद्यानातल्या सिंहाचं नाव अकबर आणि सिंहिणीचं सीता, म्हणून प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं आणि त्रिपुरातल्या एका वरिष्ठ वनाधिकाऱ्यावर निलंबनाची वेळ आली. कुनोत आफ्रिकेहून आणलेल्या चित्त्यांची २०२३ साली नवी नावं जाहीर झाली, लोकांकडून मागवून. सियाया नावाची मादी ज्वाला झाली. हे वाचून मला आमच्या आईची आठवण झाली. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहिलं गेलं, आणि एका दुपारी वीस वर्षांचं जुनं नाव संपलं. मामा मात्र तिला शेवटपर्यंत जुन्याच नावानं हाक मारायचा. (आमच्या मामेभावंडांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना आठवेलच.)

मामावरून आठवलं. खरं म्हणजे याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं होतं.

मेळघाटातले कोरकू लोक वाघाला कुलामामा म्हणतात. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली भाषा नाही, गोंडीच्याही नाही. ती मुंडा भाषा आहे, तिची सख्खी चुलत भावंडं संथाली आणि मुंडारी, पार झारखंडात. तिकडेही वाघाला कुल, कुला असंच म्हणतात. मधे शेकडो मैल दुसऱ्या भाषा पसरल्या आणि या टोकाला सातपुड्यात कोरकू एकटी उरली, पण वाघाचं नाव दोन्हीकडे तेच राहिलं. कोरकू या शब्दाचा अर्थ नुसता 'माणसं'. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' म्हणजे अनेक. शिवाय या भाषेत द्विवचन आहे. संस्कृतातलं द्विवचन मराठीपर्यंत पोचता पोचता गळून गेलं, यांच्याकडे ते जिवंत आहे. दोन मांजरं जोडीनं निघाली तर त्या जोडीसाठी वेगळं रूप. गोष्ट लिहिणाऱ्या पोरीला याहून मोठा खजिना काय द्यायचा?

आणि नेमका इथेच घोळ होतो. 'कुला' हा शब्द मराठी कानाला कसा लागतो ते मी सांगत नाही, तुम्ही हसलाच असाल. भाचीही फोनवर पाच मिनिटं हसत होती. मला मात्र धारणीच्या शाळेतला एक दिवस आठवला. चित्रांचा तक्ता लावला होता, वाघावर छडी ठेवून "हे काय?" असं विचारलं गेलं, आणि माझ्या बाकावरच्या कोरकू मुलानं जोरात "कुला!" म्हटलं. सगळा वर्ग फुटला. मीही हसलो, सगळेच हसले. तो मुलगा त्यानंतर वर्गात कोरकू बोलल्याचं मला आठवत नाही. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांवर होते, म्हणजे भाषा काही आज-उद्या संपत नाही. पण वर्गाबाहेर ठेवलेली भाषा असते, तशी ती होती.

हे सगळं सांगितल्यावर भाची जरा गप्प झाली. मग म्हणाली, "पण मामा, वाघ त्यांचा मामा, आणि मांजर तर वाघाची मावशी ना?" बरोबर. मामाची मावशी म्हणजे आईचीही मावशी, म्हणजे आपली आजी! तेव्हा कुळातली सगळ्यात म्हातारी मांजरी ही आजी, आणि वाघसुद्धा तिच्यासमोर मान खाली घालतो. हे तिचं तिनं ठरवलं. मला फार आवडलं.

कुळांचं म्हणाल तर तीही कोरकूंकडे आहेत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जे जाडजूड ग्रंथ काढले, त्यांत कोरकूंची कुळं दिली आहेत. झाडांची, फळांची, रानातल्या वस्तूंची नावं. जांबू म्हणजे जांभूळ, तसं. आता धारणी-चिखलदऱ्याकडची आडनावं आठवा: जांबेकर, कासदेकर, बेठेकर, भिलावेकर. लहानपणी मला वाटायचं ही सगळी कुठल्या तरी गावांची नावं, आपल्या नांदगावकर-पुणेकरासारखी. पण यातल्या बऱ्याच नावांत आत कुळ आहे आणि वर मराठी 'कर' चढवलाय. म्हणजे डोकं कोरकू, शेपूट मराठी. एरिन हंटरबाईंचा नियम शाळेच्या दाखल्यावर केव्हाच लागू झाला होता, म्हणायचं!

एक गोष्ट मात्र अगदी उलटी. 'वॉरियर्स'मध्ये दुसऱ्या कुळातल्या मांजरावर प्रेम करायचं नाही, हा नियम, आणि अर्ध्याअधिक गोष्टी तो नियम मोडण्याच्या. कोरकूंमध्ये आपल्याच कुळात लग्न करायचं नाही, म्हणजे दुसऱ्या कुळात करावंच लागतं. मग प्रत्येक कुळात दुसऱ्या कुळातून आलेल्या आया आणि आज्या. लढाई झाली तर समोर मामाच उभा! मला विचाराल तर गोष्ट म्हणून हे जास्त अवघड आहे, आणि जास्त खरंही. शत्रूचा तिरस्कार करणं सोपं असतं, मामाशी भांडणं किती कठीण ते घरोघरच्या वाटण्यांना विचारा.

त्याच ग्रंथात कोरकूंच्या उत्पत्तीची कथाही आहे. महादेवानं कावळ्याला पाठवून तांबड्या मातीचं वारूळ शोधून काढलं. त्या मातीचे स्त्री-पुरुष घडवले, तर इंद्राचे घोडे येऊन ते तुडवून टाकत. पुन्हा घडवायचे, पुन्हा तुडवायचे. शेवटी महादेवानं आधी कुत्रा घडवला, त्यात जीव घातला, त्यानं घोडे हाकलले, आणि मग माणसं उभी राहिली. त्यांची नावं मुला आणि मुलाई. मांजरांच्या गोष्टीत हे कसं बसवायचं यावर आमचं अजून एकमत नाही, कारण कुत्र्याला एवढं श्रेय द्यायची तिची तयारी नाही.

राहता राहिली नेहमीची नावं. रानमांजर काही कुळं करून राहत नाही, वाघही नाही. पिल्लं आईजवळ असतात तेवढाच काय तो संसार, पुढे ज्याचा तो. सिंह सोडला तर कुळाची गोष्ट मांजरांवर ओढूनताणूनच बसवावी लागते. म्हणून मी तिला माडगूळकरांचं 'सत्तांतर' वाचायला दिलं. नागझिऱ्यातल्या वानरांच्या टोळ्यांची कादंबरी, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे. त्यात कुणी विद्युत्पंजा नाही. खोडीवरून, खुणेवरून, स्वभावावरून पडलेली गावठी नावं आहेत. आपल्या बैलांचीही तशीच असतात. पांढरा तो ढवळ्या, पोवळ्याच्या रंगाचा तो पवळ्या. मराठीचा नियम सोपा आहे, खूण घ्यायची आणि 'या' लावायचा. लंगड्या, काण्या, तुटक्या कानाचा कानतुट्या. ऐकायला क्रूर, पण हाक मारताना त्यात माया येते. इंग्रजीतली 'स्टार' वगैरे शेपटं आपल्याकडे नाटकी होतात.

तिच्या यादीत आता सगळ्यात लहान मांजर आहे ती वाघाटी. अंगभर तांबूस ठिपके, वजन जेमतेम दीड किलो, रात्री झाडांवर फिरणारी. जगातल्या सगळ्यात छोट्या रानमांजरांपैकी ही एक, आणि आपल्याकडे आहे. हिला वेगळं नाव द्यायची गरजच नाही, भाषेनंच ते देऊन ठेवलंय, एवढ्याशा जिवाला वाघाचं. (आषाढी द्वादशीला भाजी करतात त्या वेलीचं नावही वाघाटीच. आमच्याकडे ती कडू म्हणून कुणी खायचं नाही, पण पानात वाढली जायचीच.) तिचा स्वभाव भाचीनं ठरवलाय: कुणाला न सांगता निघून जाणारी.

एकीचं नाव मात्र अजून ठरत नाही. तिच्या गोष्टीत बाहेरून आलेली एक मादी आहे, जी कुठल्याच कुळात बसत नाही. ती खरी घडलेली आहे. २०१९ साली ब्रह्मपुरीकडून एक वाघीण मेळघाटात आणून सोडली होती, गळ्यात कॉलर, कागदावर नाव ई-वन. रान तिच्या ओळखीचं नव्हतं, माणसंही नव्हती. धारणी तालुक्यात तिनं माणसांवर हल्ले केले, एक शेतकरी गेला, आणि त्याच वर्षी पावसाळा संपायच्या सुमारास तिला पुन्हा पकडून नागपूरला गोरेवाड्याला नेलं. तेव्हा मी गावी गेलो होतो. चहाच्या टपरीवर, एस्टी स्टँडवर, सगळ्यांच्या तोंडी तीच. हाटेलवाल्याला विचारलं, "तिले काय म्हनतेत बाप्पा इथं?" तो म्हणाला, "काय म्हनतीन? ई-वनच म्हनतेत. आली कवा, गेली कवा. नाव पडाले जराक राहा तं लागते नं."